हात ओळखणारा कॅमेरा

दसऱ्यानंतरचा आठवडा तपासणी केंद्रात कुणालाच आवडत नसे. लोक दसऱ्याला गाड्या धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात आणि मग ते काढायचे विसरतात. हार वाळतो, सैल होतो, खाली लोंबत नंबरप्लेटवर येतो. कॅमेऱ्याला नंबर दिसत नाही. मग अशी सगळी चलनं माणसांच्या टेबलावर येतात. केंद्रातली मंडळी त्यांना 'हारवाले' म्हणत.

सदाशिव मगदूम त्या दिवशी सकाळपासून हारवालेच बघत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने हे काम धरलं होतं. सांगलीतल्या एकवीस शाळांसमोरचे कॅमेरे या केंद्राला जोडलेले होते. कायदा असा की यंत्राने चलन तयार केलं तरी माणसाने डोळ्याखालून घातल्याशिवाय ते कुणालाही पाठवायचं नाही. त्या दिवशी शाळा चालू होती का, पिवळे दिवे लागले होते का, गाडी रुग्णवाहिका तर नव्हती, नंबर बरोबर वाचलाय का, एवढं बघायचं आणि 'मान्य' किंवा 'अमान्य' दाबायचं.

"काका, हा बघा," शेजारच्या टेबलावरून तबस्सुम मुजावर म्हणाली. "झेंडू, आंब्याची डहाळी, लिंबू, वर उसाचं कांडं. ही गाडी आहे का लग्नाचा मांडव?"

"नवरदेव किती वेगाने चाललाय?"

"बेचाळीस."

"मग घाईत आहे. मान्य कर."

ती हसली. सदाशिवने पुढची फाईल उघडली.

कुपवाड रस्त्यावरची शाळा. आजचीच तारीख, सकाळचे सात वाजून नऊ मिनिटं. वेगमर्यादा पंचवीस, नोंदलेला वेग एकतीस. नंबर अवाचनीय, हार. त्याखाली चालकाचं नाव होतं.

शैलजा सदाशिव मगदूम. जुळणी चौऱ्याण्णव टक्के.

सदाशिवने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. नाव तेच होतं.

शैलजा, त्याची बायको, जाऊन साडेपाच वर्षं झाली होती.

खोलीत पंखे चालू होते, लोक चहा पीत होते, आणि पडद्यावर त्याची मेलेली बायको आज सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी शाळेसमोरून स्कूटर चालवत गेली होती. फोटो मोठा करायला त्याचं बोट धजेना. शेवटी त्याने केला.

पाठमोरी बाई. करडं जर्किन, पांढरं हेल्मेट. मागे दप्तर लावलेली लहान मुलगी. स्कूटरच्या कॅरियरला झेंडूचा हार, वाळलेला, नंबरप्लेटवर पडलेला. हार हिरव्या सुतळीने बांधला होता.

ती सुतळी त्याची होती. दसऱ्याला लेकीकडे, केतकीकडे, जाऊन त्यानेच तो हार बांधला होता. जावई प्रसन्न नोकरीसाठी पुण्यात, आठवड्याला यायचा. घरात गाडीची पूजा पूर्वी शैलजाच करायची. ती हँडलला छोटासा हार घालायची. सदाशिवला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याने दोन वाव लांब हार आणला, पुढे बांधला, उरला तो मागे कॅरियरला बांधला. केतकी म्हणालीसुद्धा, "अण्णा, नंबर झाकला जाईल हां." तो म्हणाला, "उद्या काढ." तिने काढला नाही.

म्हणजे गाडीवर केतकी होती. मागे रेवा, त्याची सहा वर्षांची नात. सदाशिवने श्वास सोडला. भूत नव्हतं. लेक होती.

पण मग यंत्राने तिला केतकी का म्हटलं नाही?

शाळेसमोरचा कॅमेरा दिसतो एक, पण त्यात दोन वस्तू असतात. एक डोळा आणि एक कान. डोळा फोटो काढतो. कान म्हणजे रडार. एसटी भोंगा वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तसंच रडारच्या लहरींचं होतं. त्या गाडीवर आपटून परत येतात तेव्हा बदललेल्या असतात, आणि किती बदलल्या त्यावरून वेग कळतो. जुनी रडारं एकदाच वेग मोजत. नवी दीडशे मीटरपासून गाडी धरतात आणि सेकंदाला शंभर वेळा मोजतात.

एवढं मोजायला लागल्यावर माणसांच्या लक्षात एक गोष्ट आली. पिवळा दिवा दिसल्यावर ब्रेकवर बोटं यायला कुणाला किती वेळ लागतो, कुणी ब्रेक एकदम दाबतो की हळूहळू, सरळ रस्त्यावरही गाडी डावीउजवीकडे किती झुलते, हे सगळं मिळून प्रत्येकाचं वेगळं असतं. अक्षराचं वळण असावं तसं. त्याला खात्याने नाव दिलं 'हात'. घरात गाडी एक आणि चालवणारे चार, चलन येतं ज्याच्या नावावर गाडी त्याला, ही तक्रार जुनी होती. तीन वर्षांपूर्वी कायदा बदलला. गाडीचा नंबर दिसला तर नंबर, नाही दिसला तर हात. नव्या रडारच्या आधीच्या नोंदीही साठवलेल्या होत्या, त्यांतून मागच्या सगळ्या चालकांचे हात काढून ठेवले गेले.

ज्यांची लायसन्स रद्द झाली त्यांचे हात यादीतून निघत. शैलजाचं लायसन्स रद्द झालेलं नव्हतं. ते सदाशिवच्या पाकिटात होतं. दरवर्षी तो म्हणायचा, यंदा जाऊन देऊन येतो.

"तबस्सुम," तो म्हणाला, "जरा इकडे ये."

तिने खुर्ची ओढली, नाव वाचलं, आणि तिच्या तोंडातून "या अल्ला" निघालं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "काका, काकू तर..."

"केतकी आहे ती. हार मीच बांधलाय."

"मग ठीक आहे की! आई-मुलीचा हात सारखा असणारच. माझी अम्मी आणि मी, दोघी लाटणं एकसारखं धरतो. अब्बा पाठमोरं बघून फसतात." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "घाबरलात ना? पाणी देऊ?"

"केतकीचा स्वतःचा हात पण यादीत आहे. दोन वर्षांपूर्वीचा. तो किती जुळतो बघ."

तिने बघितलं. "एकसष्ट."

"आणि शैलजाचा? वर्षवार काढ."

"कशाला काका? घरचं चलन आपण बघायचं नसतं. दुसऱ्याकडे द्यायचं."

"तू बघ. मी बसतो नुसता."

तबस्सुमने शैलजाच्या नोंदी उघडल्या. आठ वर्षांपूर्वी, बत्तीस टक्के. सात वर्षांपूर्वी, पस्तीस. त्यानंतरचे शेवटचे आठ महिने, चौऱ्याण्णव.

तबस्सुमने आकडे परत वाचले. तिला अर्थ लागला नव्हता, पण आकडे विचित्र आहेत हे कळलं होतं. "असं कसं?" ती म्हणाली. "वळण सारखं असतं तर जुन्याशी पण जुळलं असतं."

सदाशिव उठला. "मी जाऊन येतो. ही फाईल बंद करू नको."

"शिफ्ट तीनला संपते. तीनच्या आत निकाल नाही दिला तर वर जाईल."

"तीनच्या आत येतो."

रिक्षात बसल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मिरजेच्या डॉक्टरांची खोली आली. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कागदावर दोन गोल काढले होते. म्हणाले, हा आजार शैलजाबाईंना त्यांच्या वडिलांकडून आलाय. मेंदूतला ठरावीक भाग हळूहळू झिजतो. आधी हातापायाला कळतं, मग घरच्यांना, मग डॉक्टरला. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. तपासणी आहे, उपाय फार थोडे आहेत, पण लवकर कळलं तर चालणं-बोलणं काही वर्षं जास्त टिकतं. मुलीला सांगा.

बाहेर आल्यावर शैलजा म्हणाली होती, "केतूला आत्ता नको. सातवा लागलाय. बाळंतपण होऊ दे."

रेवा झाली. शैलजाने तिला मांडीवर घेतलं, पण उचलून उभी राहायची हिंमत केली नाही. त्यानंतर तिचं बोलणं गेलं, मग गिळणं, मग ती. आणि सदाशिवने लेकीला काही सांगितलं नाही. सुतक चालू आहे, बाळ लहान आहे, प्रसन्नची बदली झालीय, रेवाची शाळा सुरू होतेय. दरवेळी काहीतरी होतंच. खरं कारण एकच होतं. तो बोलत नव्हता तोपर्यंत नाणं हवेत होतं.

कुठे कळवायचं, काय दाबायचं, हे रिक्षात त्याच्या मनात फिरत राहिलं. 'नंबर अवाचनीय, अमान्य' असं दाबलं की नोंद पुसली जाईल. सात दिवसांत हार गळून पडेल, नंबर दिसायला लागेल, यंत्र हाताकडे बघणार नाही. कुणालाही कळणार नाही. 'चालक चुकीचा' दाबून केतकीचं नाव लिहिलं, तर तिच्या नावापुढे शेरा पडेल: हात बदलला. लायसन्स थांबेल, तपासणीचं पत्र येईल. तो शेरा विमा कंपनीला दिसतो, नोकरी देणाऱ्याला दिसतो. उद्या रेवा मोठी झाली की तिच्या फाईलवरही कुणीतरी आईचा शेरा बघेल.

आणि काहीच केलं नाही, तर उद्या सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी केतकी परत त्याच रस्त्याने जाईल. रस्ता भरून मुलं असतील. आपण ब्रेक लावलाय असं तिला वाटेल.

शाळा साडेबाराला सुटायची. बारा वाजताच केतकी शाळेच्या कोपऱ्यावर स्कूटर लावून सावलीत उभी होती. नेहमीच लवकर यायची. घरून काम करायची, तेवढाच बाहेरचा वारा.

"अण्णा? तुम्ही इथे कसे?" मग त्याचा चेहरा बघून, "बीपी वाढलंय का?"

"नाही गं. एक काम होतं. मला मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन आण."

"आत्ता? रिक्षा सोडलीत कशाला मग?"

"ने म्हटलं तर ने की. अर्धा तास आहे."

"साहेबांचा हुकूम." तिने डिकीतून जास्तीचं हेल्मेट काढून दिलं. "घाला. नाहीतर उद्या तुमच्याच टेबलावर तुमचाच फोटो. मगदूम तपासनीस विनाहेल्मेट!"

सदाशिवला गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर तो मागे बसला. शैलजा चालवायची आणि तो पिशवी मांडीवर घेऊन मागे. मित्र चिडवायचे, वरातीत घोडा हिचा आणि नवरी तू. त्याला काही वाटत नसे. बत्तीस वर्षं मागे बसल्यावर माणसाला पुढच्याचा हात पाठ होतो. कुठे ती ब्रेक लावणार, कुठे नुसता भोंगा वाजवणार, डोळे मिटूनही कळतं.

शेवटच्या वर्षी ते बदललं. वळणावर, खड्ड्यापाशी, माणूस आडवा आला की त्याचं शरीर पुढच्या ब्रेकसाठी तयार व्हायचं, आणि ब्रेक यायचा नाही. एक क्षण काहीच नाही. मग एकदम करकचून. त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटायचं. टक्. डॉक्टरच्या आधी, शैलजाच्याही आधी त्याला कळलं होतं. तो काही बोलला नव्हता. तिला वाईट वाटेल म्हणून.

केतकी निघाली. रस्ता जवळपास मोकळा होता. जाताना दोनदा ब्रेक लागला, साधाच, आणि सदाशिवच्या मनात आशा आली. यंत्रच आहे, चुकतं. सकाळी घाईत असेल. तिने मुख्य रस्त्यावरून गाडी वळवली.

"झालं काम? उतरलात पण नाहीत."

"चल परत शाळेकडे."

बारा वीस झाले. पुढे, शाळेच्या फलकावरचे पिवळे दिवे लुकलुकायला लागले. केतकीनेही ते पाहिले असणार, कारण ती म्हणाली, "लागले बघा तुमचे दिवे." सदाशिवचं शरीर ब्रेकसाठी सावरून बसलं.

ब्रेक आला नाही.

शाळेचा शिपाई हातात लाल पाटी घेऊन झेब्रा पट्ट्यांवर उतरत होता. गाडी तशीच चालली होती. सदाशिवला शिपायाची चप्पल दिसत होती, अंगठा तुटून पिनेने जोडलेली.

मग एकदम करकचून. त्याचं डोकं पुढे गेलं. टक्.

चाक पट्ट्यांवर, शिपायाच्या पायापासून वीतभर.

"ओ ताई! समोर बघून!"

"सॉरी मामा, सॉरी. एकदम आलात की हो."

"एकदम? पाटी काय आरसा म्हणून धरलीय का?" शिपाई पुटपुटत पलीकडे गेला.

केतकी हसत मागे वळली. "अण्णा, नीट धरून बसा की. डोकं आपटलं माझं." मग ती हसायची थांबली, कारण त्याची बोटं तिच्या जर्किनमध्ये रुतली होती आणि सुटत नव्हती.

"गाडी बाजूला घे," तो म्हणाला.

शाळेच्या कुंपणापाशी तिने गाडी लावली. सदाशिवने हेल्मेट काढलं.

"तुझ्या मम्मीला जे झालं, ते तिच्या वडिलांनाही होतं."

"असेल. मग?"

"ते पुढे येतं. निम्मी शक्यता असते. डॉक्टरांनी तुला सांगायला सांगितलं होतं."

केतकी त्याच्याकडे बघत राहिली. "कधी सांगितलं होतं?"

"रेवा पोटात होती तेव्हा."

"मला सातवा लागला होता तेव्हा."

"मम्मी म्हणाली बाळंतपण होऊ दे."

"झालं की बाळंतपण. रेवा पहिलीत आहे, अण्णा." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "सगळं मम्मीवर घालताय?"

"नाही. ती म्हणाली होती बाळंतपणापर्यंत. त्याच्या पुढची सगळी चूक माझी."

मग त्याने सकाळची फाईल सांगितली. हार, एकसष्ट टक्के, चौऱ्याण्णव टक्के, शेवटचे आठ महिने. केतकीने ऐकून घेतलं. मध्येच तिने आपला उजवा हात समोर धरला आणि बघितला. हात स्थिर होता.

"कॅमेरा चुकू शकतो ना?"

"शकतो. म्हणूनच मागे बसलो."

तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात तीन कप फुटले. मला वाटलं साबण निसरडा आहे. साबण बदलला मी." ती हसायला गेली, पण नुसतेच ओठ हलले. "आणि रेवा?"

सदाशिवने शाळेच्या फाटकाकडे बघितलं. तिलाही ते गणित येत होतं.

घंटा झाली. फाटक उघडलं आणि मुलं धावत सुटली, रस्ता पांढऱ्या-निळ्या कपड्यांनी भरून गेला. कुणाची बाटली पडली, कुणी ती घ्यायला पट्ट्यांवर मध्येच वाकलं. केतकी ते बघत होती. सदाशिव तिला बघत होता. सकाळी याच गर्दीतून ती गेली होती. काल गेली होती. महिनाभर जात होती.

केतकीने स्कूटरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली.

"तुम्हाला चालवता येत नाही ते बरंय," ती म्हणाली. "नाहीतर परत मागितली असती."

"आज आजोबा पण!" रेवा धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. "मी पुढे बसणार! आई, मी पुढे!"

"आज चालत," केतकी म्हणाली.

"का?"

"हार काढायचा राहिलाय गाडीचा. हार घातलेली गाडी चालवत नाहीत." तिने वाकून हिरव्या सुतळीची गाठ सोडवायला घेतली. गाठ पक्की होती. बोटं दोनदा घसरली. तिसऱ्यांदा ती थांबली, बोटांकडे बघत तशीच बसून राहिली. सदाशिव खाली बसला आणि त्याने ती सोडवली.

"अण्णा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही अमान्य दाबलं असतंत तर मला कळलं नसतं ना?"

"नाही."

"जा. तीन वाजायच्या आत जा. आणि खरं लिहा." रेवाचं दप्तर तिने खांद्यावर घेतलं. "तुमच्यावरचा राग मी संध्याकाळी काढीन. आत्ता मला वेळ नाही."

अडीचला तो केंद्रात पोहोचला. पाकिटातून शैलजाचं लायसन्स काढून त्याने तबस्सुमच्या टेबलावर ठेवलं. फोटोतली शैलजा पस्तिशीची होती, मान ताठ, कपाळावर मोठं कुंकू.

"हे रद्द करायला टाक. आणि ती फाईल तू बघ. घरची आहे, मला चालायची नाही. मी फक्त जबाब देतो."

तबस्सुमने त्याच्याकडे बघितलं. तिने फाईल उघडली, 'चालक चुकीचा' दाबलं. पडद्यावर रकाने आले.

"खरा चालक?"

"केतकी प्रसन्न चव्हाण."

"आधीच्या नावाशी नातं?"

"मुलगी."

तिची बोटं थांबली. आता तिला कळलं होतं. आकड्यांचा अर्थ, वर्षवार काढायला सांगण्याचा अर्थ. "काका," ती हळूच म्हणाली, "हे एकदा टाकलं की परत काढता येत नाही."

"ठाऊक आहे. पुढे विचार."

तिने नाक ओढलं आणि शेवटचा रकाना वाचला. "जबाब देणाऱ्याने चालकाचा हात कशावरून ओळखला? फोटो, नंबर, साक्षीदार, की इतर?"

"इतर."

"इतर म्हणजे काय लिहू?"

"लिही, मागे बसलो होतो."

तबस्सुमने तेवढं टाइप केलं. मग मान वर न करता विचारलं, "कुणाच्या मागे, तेही लागतंय."

सदाशिवने खिशातली किल्ली चाचपली.

"दोघींच्या," तो म्हणाला.